साहेब, तिसरीतल्या मुलीचं वाचन पुरं होऊ द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

विषय: वर्गातला वेळ राखण्याबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आपल्या जिल्ह्यात रुजू झाल्याचं पेपरात वाचलं. पहिले पंधरा दिवस कसे जातात ते मी पाहिलेलं आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, संघटनांची निवेदनं आणि प्रत्येक निवेदनासोबत फोटो. त्यात हे माझंही एक निवेदन. मला बदली नको, की कुठलं बिलही अडलेलं नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. 31 वर्षं या जिल्हा परिषदेची नोकरी केली. आधी बालाघाटच्या डोंगरातल्या तांड्यांवर शिक्षिका आणि शेवटची 12 वर्षं केंद्रप्रमुख. माझ्या केंद्रात 13 शाळा होत्या, त्यातल्या बहुतेक द्विशिक्षकी. तुमच्या खुर्चीवर बसलेले नियमित आणि प्रभारी मिळून इतके अधिकारी पाहिले की काहींची नावंही आता आठवत नाहीत. कुणाच्या काळात शाळा कशा चालल्या, ते मात्र पक्कं आठवतं.

म्हणून एकच गोष्ट मागायला हे पत्र लिहिते आहे. शिक्षकाचा वर्गातला वेळ राखा. तुमच्या पदाच्या कामांची यादी लांबलचक आहे, पण ती सगळी कामं शेवटी या एका कामासाठीच आहेत, असं मला मनापासून वाटतं.

एक प्रसंग सांगते. जुलै महिना, सकाळपासून भुरभुर लागलेली. एका तांड्यावरच्या शाळेला भेट द्यायला गेले होते. शिक्षक दोन, त्यातले गुरुजी तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेले. एका खोलीचं छत गळत होतं, त्यामुळे पहिली ते चौथी सगळी मुलं दुसऱ्या खोलीत आणि बाई एकट्या. चौथीतल्या दोन मुली पहिलीतल्या लहानग्यांकडून चिंचोके मोजून घेत होत्या. दुसरीची मुलं पाटीवर लिहीत होती. बाईंनी तिसरीतल्या एका मुलीला वाचायला शेजारी घेतलं होतं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दोघांचा मिळून एक कोयता. आधीचा अख्खा हंगाम ती त्यांच्यासोबत साखर कारखान्यावर, कोपीवर म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत होती. दुसरीचं अर्धं वर्ष तिचं तिथेच गेलं. घरची बोली गोरमाटी, बंजाऱ्यांची. आईला याडी म्हणणारी, भाकरीला बाटी म्हणणारी ही मुलगी मराठीतला धडा वाचत होती.

ती ‘रस्ता’ या शब्दावर अडली. ‘रस’ म्हणाली आणि थांबली. बाईंनी घाई केली नाही. अर्ध्या ‘स’वर स्वतःचं बोट ठेवलं आणि तिचं बोट ‘ता’वर ठेवलं. मुलीचे ओठ हलायला लागले. मी श्वास रोखून बघत होते, कारण असा क्षण नोकरीतही रोज बघायला मिळत नाही. तेवढ्यात बाईंचा फोन थरथरला.

‘अत्यंत तातडीचे. सर्व मुख्याध्यापक. सोबतच्या लिंकमध्ये शाळेतील हात धुण्याच्या नळांची माहिती आज दुपारी 12 वाजेपर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक भरावी. विलंबास आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल.’

तांड्यावर रेंज नाही. मेसेज कसाबसा येतो, लिंक उघडत नाही. बाई उठल्या, छत्री घेतली आणि पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून वर गेल्या. तिथे दोन दांड्या मिळतात. फोटो काढायचा, अपलोड करायचा, तो अडकला की पुन्हा काढायचा. यात पाऊण तास गेला. ती मुलगी पुस्तकातलं बोट न उचलता तशीच बसून होती. मी तिच्याजवळ बसले, पण तिला बाईच हव्या होत्या, माझ्यापुढे ती वाचेना. बाई खाली आल्या तोवर खिचडी शिजली होती आणि ताटं मांडायची वेळ झाली होती.

साहेब, तो मेसेज केंद्राच्या ग्रुपवर सकाळी मीच टाकला होता. फाट्यावर चहा घेताना, पुरता न वाचता. राज्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून मला आणि माझ्याकडून तेरा शाळांना. मधल्या प्रत्येकाने अंगठ्याने पुढे ढकलला आणि आपलं काम झालं असं मानलं. नळांचा आकडा यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत, आधीच भरलेला होता. मधल्या एकाही माणसाने ‘हे आपल्याकडे आहे, शाळेला विचारायची गरज नाही’ असं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. ती मुलगी दसऱ्यानंतर पुन्हा कारखान्यावर गेली, आणि ते पाऊण तासाचं ओझं आजही माझ्या मनावर आहे.

असं म्हणायची खरी ताकद ज्या खुर्चीत आहे ती तुमची. गटशिक्षणाधिकारी वरच्याला नाही म्हणू शकत नाही, केंद्रप्रमुखाचा तर प्रश्नच नाही. पण जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी एवढं ठरवू शकतो की यू-डायस, सरल (विद्यार्थ्यांच्या नोंदींचं पोर्टल), शालार्थ (पगाराचं पोर्टल), पोषण आहाराचं पोर्टल यांत जे आधीच आहे ते आमच्या कार्यालयातला माणूस काढून देईल, शाळेला विचारणार नाही. जे खरोखर नवीन आहे ते आठवड्यातून एकदा एकत्र मागवलं जाईल आणि शाळा भरल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत कुठल्याही ग्रुपवर कुणीही माहिती मागणार नाही. यासाठी शासन निर्णय लागत नाही. तुमच्या सहीचं अर्ध्या पानाचं परिपत्रक पुरतं. त्यापेक्षाही, ते पहिल्यांदा मोडणाऱ्या तुमच्याच कार्यालयातल्या माणसाला तुम्ही काय म्हणता यावर सगळं अवलंबून आहे.

वेळेचा हिशेब कायद्यातही आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन मागतो. त्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकाला वर्गाबाहेर नेण्याची तीनच कारणं दिली आहेत: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मतदारयादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलंय की ते सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याचा वेळ सोडून द्यावं. तहसील कार्यालयाचा आदेश आला की हे कोणाला आठवत नाही. शिक्षकाने आठवण करून दिली तर त्याला नोटीस निघते. तहसीलदारांना पत्र लिहायचं काम शिक्षकाचं नाही, तुमचं आहे. एका अधिकाऱ्यांनी ते एकदा लिहिलं होतं. साधं, नम्र भाषेतलं, कायद्याचं कलम घालून. त्या वर्षी आमच्या तालुक्यात बीएलओंचं, म्हणजे मतदारयादीसाठी नेमलेल्यांचं, काम शनिवारी दुपारी आणि रविवारी झालं. आभाळ कोसळलं नाही.

आता शिक्षकांबद्दल. बदल्या 2017 पासून ऑनलाइन झाल्या आणि त्याने मोठं भलं झालं, हे मी जाहीरपणे म्हणते. आधी पुढाऱ्यांच्या दारात आणि कार्यालयात घातलेले खेटे मी पाहिले आहेत, स्वतः घातलेही आहेत. अवघड क्षेत्र, एकल शिक्षक, पती-पत्नी एकत्रीकरण, हे सगळं आता निदान संगणकावर दिसतं. पण एक वाट अजून उघडी आहे, ती म्हणजे ‘कामगिरी’. बदली झाली तांड्यावर, पण आदेश काढून शिक्षक कामगिरीवर तालुक्याच्या गावी, नाहीतर थेट कार्यालयात. कागदावर तांड्याच्या शाळेत दोन शिक्षक, प्रत्यक्षात एक. यू-डायसला शाळा पुरेशी दिसते आणि मुलांना दिसतो रिकामा वर्ग. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्याने दिलेलं किमान आहे, तेच आपण असं आतून पोखरतो. सही कदाचित मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची असेल, पण टिपणी तुमच्या टेबलावरून जाते. रुजू झाल्या झाल्या कामगिरीवरच्या सगळ्या शिक्षकांची यादी मागवा. ज्याचं कारण तुम्हाला भर सभेत वाचून दाखवता येणार नाही, तो आदेश रद्द करा. दबाव येईल, फोन येतील. ते फोन तुम्ही घ्यायचे. तांड्यावरच्या बाईंच्या वतीने ते घेणारं दुसरं कुणी नाही.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात शिक्षणाधिकाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो पावसाळ्यात. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात. दिवाळी सरता सरता तांडा निम्मा रिकामा होतो, घरी राहतात म्हातारी माणसं. सप्टेंबरअखेर पटावर असलेली मुलं डिसेंबरात वर्गात नसतात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते, त्यामुळे ही गळती कागदावर येतही नाही. पोरं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, तेव्हा वर्ष संपलेलं असतं.

यावर उपाय नाही असं नाही. हंगामी वसतिगृह हा उपाय आपल्या राज्यात कधीचा आहे. आजी-आजोबांकडे किंवा गावातच मुलांना ठेवायचं, शाळा व्यवस्थापन समितीने सकाळ-संध्याकाळ जेवणाची सोय करायची, मूल शाळेतच राहतं. मी स्वतः ते चालवलंय आणि मूल टिकतं हे डोळ्यांनी पाहिलंय. अडतं कुठे? तारखेवर. गाड्या ऑक्टोबरात निघतात आणि मंजुरी येते नोव्हेंबरच्या शेवटी, कधी डिसेंबरात. तोपर्यंत आई पोराला कोणाच्या भरवशावर सोडेल? ‘बाई, मंजुरी आली का?’ असं मला एका आईने गाडीत बसायच्या आदल्या रात्री विचारलं होतं. भांडी पोत्यात भरलेली होती, कोयत्याला फडकं गुंडाळलेलं होतं. मी म्हटलं, ‘येईल आठ दिवसांत.’ आठ दिवसांत आली नाही. पहाटे ती दोन्ही पोरांना घेऊन गेली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

प्रस्ताव ऑगस्टमध्ये शाळांकडून मागवा, सप्टेंबरात मंजुरी द्या, दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिलं जेवण शिजू द्या. पैसे मागाहून येतात हे मला माहीत आहे. पण आदेश हातात असला की गावातला किराणा दुकानदार उधारीवर सामान देतो, आणि आदेश नसला तर देत नाही. तुमच्या एका सहीची तारीख पुढे-मागे होते आणि तेवढ्याने एखादं मूल वर्गात राहतं किंवा फडात जातं.

तुमच्या कार्यालयाबद्दलही बोलायला हवं, आणि इथे मी कोणाचं नाव घेणार नाही. ज्या शिक्षिकेबद्दल सांगणार आहे तिचंही नाही. तिच्या नवऱ्याला कर्करोग झाला. उपचाराचं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल तिने सादर केलं. पंधरा दिवसांनी ‘त्रुटी’ निघाली, एका पावतीवर शिक्का नाही. तो आणला. मग दुसरी त्रुटी, प्रमाणपत्राचा नमुना जुना. तो बदलला. मग तिसरी. सगळ्या त्रुटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या. तसं झालं नाही. दर खेपेला ती रजा टाकून जिल्ह्याला जायची, सकाळी सहाच्या एसटीने निघून रात्री परतायची. सहा खेपा झाल्या. साहेब, तिच्या शाळेत दुसरा शिक्षक एकच होता. म्हणजे सहा दिवस ती शाळा एकशिक्षकी चालली. सहाव्या खेपेनंतर बिल निघालं तेव्हा ज्याच्यासाठी बिल होतं तो माणूस राहिला नव्हता.

टेबलावर पैसे मागितले गेले का, हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण शिक्षण विभागातले लोक लाच घेताना पकडले गेल्याच्या बातम्या राज्यातल्या कोणत्या ना कोणत्या जिल्ह्यातून येत असतात, त्या तुम्हीही वाचता. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा आणि दिरंगाई रोखण्याचा 2005 चा कायदा आहे. तो म्हणतो की फाईल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. हा कायदा तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावा आणि त्याखाली प्रलंबित फाईलींची यादी लावा, तारखेसह. त्रुटी एकदाच आणि लेखी. शिक्षकाने फाईलीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यायचंच नाही, पंचायत समितीत द्यायची आणि तिथेच उत्तर मिळायचं. हे झालं तर वर्गाला किती दिवस परत मिळतील ते तुम्हीच मोजून बघा.

आमच्याकडे म्हातारी माणसं अजून ‘दिपोटी’ म्हणतात. इंग्रजांच्या वेळी शाळा तपासायला डेप्युटी इन्स्पेक्टर यायचा, गावाने त्याचा दिपोटी केला. पुढे जिल्हा स्कूल बोर्ड होतं, त्यामुळे ‘बोर्डाची शाळा’ हा शब्दही टिकून आहे. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्या झाल्या. नावं बदलत गेली, पण दिपोटीकडून गावाची एक अपेक्षा तशीच राहिली, की तो शाळेत यावा आणि मुलांना विचारावं. 1882 साली महात्मा फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मांडलेली तक्रारही याच जातीची होती. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्यांकडे. आज पैसा निदान आदेशावर तरी तांड्यापर्यंत येतो. साहेब लोक मात्र अजून क्वचितच येतात.

माझी एक भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलांच्या शाळा ज्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आहेत, तिथे तुमच्यासारख्याच पदाला सुपरिंटेंडंट म्हणतात. लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड त्याला तीन ते पाच वर्षांच्या करारावर नेमतं. बजेट जाहीर सभेत मांडलं जातं आणि कोणीही पालक उभा राहून विचारू शकतो, या शाळेला शिक्षक का नाही? त्यांच्याकडेही भांडणं होतात असं ती सांगते, पण विचारायला एक जागा आहे. आपल्याकडे तुम्हाला नेमतं मंत्रालय, वर पुण्याचं संचालनालय, इथे सीईओ. तुम्हाला विचारणारी शिक्षण समिती असायला हवी, पण मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकांचा कारभार चालला. पालकाला सभापतीच नव्हता. बदल्यांच्या त्या 2005 च्याच कायद्यात पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा सांगितलाय, पण इथे पूर्ण तीन वर्षं टिकलेला शिक्षणाधिकारी मी एकच पाहिला. बाकीच्या काळात बराचसा कारभार प्रभारींवर होता, आणि प्रभारी माणूस दोन टेबलं सांभाळतो, शाळा कधी बघणार? तुम्ही किती दिवस राहाल हे तुमच्या हातात नाही. राहाल तोवर वर्षातून दोनदा तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी पालकांसमोर उभे राहा, कुठल्या शाळेत किती शिक्षक कमी आहेत ते वाचून दाखवा आणि त्यांना विचारू द्या. हे करायला तुम्हाला कोणीही अडवलेलं नाही.

पालक म्हटलं की शाळा व्यवस्थापन समिती आली. कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया. माझ्या केंद्रातल्या कितीतरी बैठका रजिस्टर घरोघर फिरवून झाल्या आहेत. सह्या असतात, सभा नसते. ते मला कळत होतं आणि मी चालवून घेतलं. जिथे बायका खरोखर येऊन बसल्या, तिथे पोषण आहाराचा तांदूळ मापून घेतला गेला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, हे त्या बायकांना तोंडपाठ झालं होतं.

आता कुमठे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात, प्रतिभा भराडे या विस्तार अधिकाऱ्यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन जे उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जात होते. मीही गेले होते. मुलं फरशीवर गोल करून बसलेली, हातात चिंचोके, काड्या, शब्दांच्या पट्ट्या, आणि मूल अडलं की बाई त्याच्याजवळ खाली बसलेल्या. मला सगळ्यात भावलं ते हे की तिथला अधिकारी शिक्षकांच्या बाजूने उभा होता, तपासायला नाही तर शिकायला-शिकवायला येत होता. पुढे 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं आणि आमच्याकडे काय पोचलं? ऑइलपेंट. सगळ्या शाळांच्या फरशा रंगवा, फोटो पाठवा, शाळा प्रगत झाल्याचं घोषित करा. शिक्षकांनी खिशातून रंग आणले. फरश्या रंगल्या. मुलाजवळ खाली बसणारी बाई मात्र फोटो अपलोड करायला टाकीवर चढली.

चूक कुमठ्याची नव्हती आणि त्या निर्णयाचा हेतूही वाईट नव्हता. मधल्या अधिकाऱ्यांनी त्याचं उद्दिष्ट करून टाकलं, टक्केवारी करून टाकली. आता निपुणचं तसंच होऊ शकतं. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारतचं म्हणणं साधं आहे: तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, बेरीज-वजाबाकी यावी. याहून चांगलं काय मागायचं? पण तुम्ही जर आढावा बैठकीत ‘शंभर टक्के का नाही?’ असं दरडावून विचारलंत, तर पुढच्या महिन्यात शंभर टक्के येईल. आणि ‘रस्ता’वर अडलेली ती मुलगी त्या शंभरात वाचणारी म्हणून मोजली जाईल. मग तिला कोणीच शिकवणार नाही, कारण कागदावर तिला येतंय. शिक्षकाला खरा, कमी आकडा सांगायची हिंमत होईल असं काहीतरी करा. जो पहिला ‘माझ्या वर्गातल्या सात मुलांना वाचता येत नाही’ म्हणेल, त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या आणि त्या सात मुलांसाठी काय हवंय ते विचारा.

लहान शाळांवरही तुमच्याकडे फाईल येईल. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा जोडून समूह शाळा करायचा विचार 2023 पासून पुढे आलेला आहे, आणि 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निकषांनी कमी पटाच्या शाळांचे शिक्षक आणखी कमी झाले. मी हट्टाने प्रत्येक शाळा राखा म्हणणार नाही. तीन मुलांच्या शाळेत मुलाला खेळायला जोडीदार मिळत नाही हेही खरं आहे. पण नियम आहे, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत. ते अंतर नकाशावरून मोजलं जातं. आमच्या दोन वस्त्यांमध्ये नकाशावर किलोमीटरसुद्धा नाही. मध्ये ओढा आहे, त्यावर साकव नाही, आणि पलीकडे घाटाचा चढ. शाळा बंद करायच्या कागदावर सही करण्याआधी त्या वाटेने एकदा सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून चाला. ऑगस्टमध्ये चाला. मग जे ठरवाल ते मला मान्य असेल.

एक भेट अजून आठवते. मी तांड्यावर नवी होते, नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष. शनिवारी, सकाळची शाळा. एक गृहस्थ पायवाटेने चालत आले, धोतरावर धुळीचे शिंतोडे असलेल्या एका म्हाताऱ्याशी बोलत. मला वाटलं कुणाचा तरी पाहुणा. त्यांनी चपला बाहेर काढल्या, मागच्या बस्करावर मुलांच्या ओळीत बसले आणि माझा तास संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग एका मुलाला जवळ बोलावून वाचायला लावलं, दुसऱ्याला भागाकार विचारला. रजिस्टर मागितलं नाही. मला म्हणाले, ‘बाई, तुम्हाला काय कमी आहे?’ मी भीतभीत म्हटलं, ‘सर, दुसरे गुरुजी आठ महिने झाले आलेच नाहीत.’ त्यांनी शेरेपुस्तकात दोन ओळी लिहिल्या: मुले वाचतात. शिक्षक एक कमी आहे, ही त्रुटी कार्यालयाची. खाली सही आणि पद, तेव्हा कळलं की ते शिक्षणाधिकारी होते. महिन्याच्या आत दुसरे शिक्षक आले. ते साहेब नंतर वर्षभरात बदलून गेले. मी पुढे 27 वर्षं नोकरी केली, आणि ‘ही त्रुटी कार्यालयाची’ असं लिहिलेलं पुन्हा कुठे पाहिलं नाही.

साहेब, शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी या. गाडी फाट्यावर ठेवावी लागेल, तिथून तांड्यापर्यंत अर्धा तास चाल आहे. कोणाला कळवू नका. मीही कोणाला सांगणार नाही, फाट्यावर थांबेन आणि वाट दाखवून मागे फिरेन. नळाचा प्रसंग जिच्या वर्गात घडला त्या बाई अजून त्याच शाळेत आहेत. या वर्षी तिसरीत नऊ मुलं आहेत. प्रत्येकाकडून एक-एक धडा वाचून घ्या, घाई करू नका. आणि तेवढा वेळ तुमचा फोन बंद ठेवा.

आपली नम्र,
एक निवृत्त केंद्रप्रमुख